विजयदिनाची गाडी

विजयदिन आला की सगळ्या देशाला सुट्टी असते आणि आमच्या लाँड्रीला मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते. आदल्या आठवड्यात सगळ्या शहराला एकदम साक्षात्कार होतो की आपले गणवेश मळलेत. बँडवाले येतात, शाळावाले येतात, सरकारी गॅरेजातून ड्रायव्हर लोकांचे पांढरे कोट गाठोडं बांधून येतात आणि वर नगरपालिकेचे झेंडे. प्रत्येकाला सगळं उद्याच हवं. अरे, वर्षभर काय झोपला होतात? लढाई जिंकून इतकी वर्षं झाली, तारीख काय दरवर्षी बदलते का? पण गिऱ्हाइकाशी असं बोलून धंदा होत नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. म्हणून पुढे काउंटरवर ते बसतात आणि मला मागे वाफेत ठेवतात.

मागे आम्ही दोघी असतो. मी आणि वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दादा त्याच लढाईत गेला. जिंकल्याची बातमी आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. गल्लीत नुसता धुमाकूळ चालला होता. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं होतं आणि मी दोन्ही हात वर करून ओरडत होते, दादा येणार, दादा येणार! चार दिवसांनी कळलं की ज्या सकाळी लढाई संपली त्याच सकाळी तो गेला होता. म्हणजे आम्ही नाचत होतो तेव्हा तो नव्हताच. तेव्हापासून हा दिवस माझ्या डोक्यात जातो. रस्त्यावर बँड सुरू झाला की मी मागची सगळी मशिनं एकदम चालू करते आणि त्या घरघरीत बसून राहते.

वहिनी तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेली. आई त्या धक्क्यानं अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही. माझ्या वेण्या घालणं, मला शाळेत दामटणं, तापात रात्र रात्र उशाशी बसणं, सगळं वहिनीनं केलं. तिच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, "ही पोर जरा मार्गी लागू दे, मग बघू." पोर मार्गी लागली, पोरीचं लग्न झालं, पोरीचे केस पिकले. ते 'मग बघू' काही आलं नाही. मला नाकावर राग, म्हणून दादा मला ठिणगी म्हणायचा. आता ती म्हणते.

तर विजयदिनाला सकाळी तिच्यासाठी सरकारी गाडी येते. लढाईत गेलेल्या प्रत्येकामागे घरच्या एका माणसाला पहिल्या रांगेतली खुर्ची, असा नियम आहे. एका नावाला एकच पास. वहिनी तिचे निळे कपडे स्वतः इस्त्री करते, केस नीट बांधते आणि गाडीत मागे बसून जाते. दुपारी फुलं घेऊन परत येते. गाडी दरवर्षी तीच नसते, पण ड्रायव्हर तोच. उंच, चष्मेवाला, खांद्यात थोडा वाकलेला, आणि तोंडातून शब्द काढायचा तर त्याला जणू त्याचा कर भरावा लागतो. मी त्याचं नाव घुम्या ठेवलंय. "वहिनी, तुझा घुम्या आला गं!" असं मी जिन्यातून ओरडायची आणि ती म्हणायची, "हळू बोल, ऐकतील ते." ऐकून तो काय बोलणार होता, डोंबल!

यंदा आदल्या दिवशी दुपारी गॅरेजचे कोट धुऊन, खळ लावून, इस्त्री करून तयार होते. मी मोजून बांधले तर एक कमी. शोधलं तर वहिनीच्या बादलीत एकटाच भिजत पडलेला. मला वाटलं, राहिला असेल घाईत. उचलला, मशिनमध्ये टाकला, गरम पाणी सोडलं आणि बँडवाल्यांच्या पँटींकडे वळले. मशिनच्या ड्रमला वरच्या अंगाला एक झेंडा चिकटून राहिलाय हे मी बघितलंच नाही. नवाकोरा लाल झेंडा, पहिल्या पाण्याचा.

मशिन थांबलं, मी दार उघडलं आणि आतलं बाहेर ओढलं. कोट गुलाबी. नुसता कुठे डाग नाही, कॉलरपासून खालपर्यंत छान एकसारखा गुलाबी, लहान पोरीच्या वाढदिवसाला शोभेल असा.

आता लाँड्रीत असं होतं. वर्षातून एखादा अपघात होतोच. मी तो कोट हातात धरून हसतच म्हटलं, "वहिनी, बघ गं, एका ड्रायव्हरला नवरदेव करून टाकलाय मी."

वहिनीनं वळून बघितलं. हातातली इस्त्री उभी करून ठेवली. जवळ आली, कोट माझ्या हातातून घेतला, कॉलर उलटून आत बघितलं आणि खाली बसली. तिथेच, ओल्या फरशीवर. आणि रडायला लागली.

मी वहिनीला रडताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. माझ्या लग्नात ती रडली नाही. दादाच्या नावाचा दगड चौकात बसवला तेव्हा रडली नाही. आणि आता एका सरकारी कोटासाठी हुंदके देत होती. मी घाबरले. घाबरले की मला राग येतो.

"अगं, कोट आहे तो! भरून देऊ आपण. रडतेस काय अशी?"

 मग मीच कोट ओढून बघितला. कॉलर उलटवलेली होती. म्हणजे झिजलेली कॉलर उसवायची, फिरवून पुन्हा शिवायची, चांगली बाजू वर येते. डोळे फुटायचं काम ते. आम्ही ते गिऱ्हाइकाचं कधी करत नाही. घरच्या माणसाचंच करतो. टाके वहिनीचे होते, मी हजारांत ओळखीन. बटणंही सगळी नव्यानं लावलेली, मागे गाठ न दिसेल अशी.

"कोणाचा आहे हा?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं, तरी विचारलं.

"त्यांचा," वहिनी म्हणाली.

"घुम्याचा?"

तिनं मान हलवली. मग सुचेल तसं, तुटक तुटक, तिनं सांगितलं. गॅरेजचं गाठोडं आलं की त्यातला तो एक कोट ती बाजूला काढते. किती वर्षं, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याची बायको कधीची वारलेली, मूलबाळ नाही. गेल्या विजयदिनाला तिला दारात सोडताना तो म्हणाला होता, "बाई, पुढच्या वर्षीची फेरी माझी शेवटची. तुम्हाला घरी सोडलं की किल्ल्या जमा करायच्या, मग मी मोकळा. तुम्ही हो म्हणालात तर पुढे चालत येईन, चहाला. नेहमीसाठी म्हणालात तर नेहमीसाठी. नाही म्हणालात तर येणार नाही, आणि वाईटही वाटून घेणार नाही. वर्ष आहे मध्ये. सावकाश सांगा."

"एवढं बोलला तो?" मी म्हटलं. खरं सांगते, मला तेवढंच सुचलं.

"बोलतात ते," वहिनी म्हणाली. "गाडीत बोलतात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. का ते तेव्हा मला नीट कळलंही नाही. मी इतकी वर्षं समजत होते की ती निळे कपडे दादासाठी घालते. केस दादासाठी बांधते. मी जिन्यातून थट्टा करत होते आणि खाली गाडीत हे चाललं होतं! "आणि दादा?" मी म्हटलं. आवाज माझा चढलाच. "माझ्या दादाचं काय, वहिनी?"

बाहेरून आमचे हे डोकावले, आमची तोंडं बघितली आणि आल्या पावली मागे गेले. शहाणे आहेत तसे.

वहिनीनं डोळे पुसले. "तुझा दादा आहेच की," ती म्हणाली. "पण मी तुला खोटं नाही सांगणार. मला त्याचा आवाज आठवत नाही आता. चेहराही फोटोतला आठवतो, खरा नाही. त्याच्याबरोबर माझा एक हिवाळा झाला, ठिणगे. एकच. तुझ्याबरोबर सगळा जन्म झाला."

 मी मशिनचं दार उघडत, लावत राहिले.

"तू काळजी करू नकोस," ती म्हणाली. "मी उद्या नाहीच म्हणणार आहे. वर्षभर विचार केला. तिथे मैदानावर नावं वाचतात ना, एकेक नाव घेतात आणि ज्याचं नाव त्याच्या घरचं माणूस उठून उभं राहतं. पुष्कळांच्या घरचं आता कोणी उरलं नाही. मग तो नावं वाचणारा जरा थांबतो, रांगेकडे बघतो आणि पुढचं नाव घेतो. ते थांबणं मला ऐकवत नाही गं. एकाची चहाची किटली मांडायची आणि दुसऱ्याची बायको म्हणून उठून उभं राहायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि मी उठले नाही तर त्याच्या नावाला कोण उठेल?" मग नाक ओढून म्हणाली, "म्हणून निदान कोट तरी चांगला करून द्यावा म्हटलं. शेवटचा आहे. तेवढंच माझ्या हातात होतं."

आणि मी तो गुलाबी करून ठेवला होता.

सुटलेल्या रंगाचं एक असतं. कपडा ओला आहे तोवर आशा असते. एकदा वाळला की रंग बसला, मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. मी बाह्या वर केल्या, मोठ्या टबात गार पाणी सोडलं, रंग उतरवायची पावडर टाकली आणि कोट बुडवला. वहिनी म्हणाली, "राहू दे, बाकीची कामं पडलीत." मी म्हटलं, "कामं गेली खड्ड्यात." मग तीही टबाच्या पलीकडे बसली. एक पाणी काढायचं, दुसरं भरायचं. पाणी आधी सरबतासारखं यायचं, मग फिकट, मग त्याहून फिकट.  पाण्याखाली तिचे हात माझ्या हातांना लागत होते. म्हातारे झालेत तिचे हात. हे मी आधी कसं पाहिलं नव्हतं कुणास ठाऊक. रोज समोर असलेलं माणूस आपण बघतच नाही.

अंधार पडायच्या आत कोट जवळपास पांढरा झाला. कॉलरच्या आत आणि काखेत मात्र गुलाबी छटा राहिली ती राहिलीच. वहिनीनं खळ लावली, मी इस्त्री केली. बाकीचे कोट संध्याकाळीच गॅरेजला गेले होते. हा मी सकाळी स्वतः नेऊन देईन, असं म्हटलं. मनात म्हटलं, त्या निमित्तानं ह्या माणसाला चार गोष्टी सुनावतेच.

सकाळी गॅरेजात गेले तर घुम्या नुसत्या बनियनवर गाडी पुसत होता. मला बघून चपापला. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, जसं काही मी त्याला पहिल्यांदाच कोटाशिवाय बघून बेशुद्ध पडणार होते.

"हा घ्या तुमचा कोट," मी म्हटलं. "रंग लागलाय. माझी चूक. वहिनीची नाही."

त्यानं कोट घेतला, उजेडात धरला, कॉलर उलटून बघितली. टाक्यांवरून अंगठा फिरवला. "बरंच झालं," म्हणाला. "नुसता पांढरा मला फार कडक दिसायचा."

मी चार गोष्टी सुनावायला आले होते, त्या कुठे गेल्या कळेना. "मला एक सांगा," मी म्हटलं. "वर्षातून एकदा अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. एवढ्यात तुम्ही दोघं बोलता तरी काय?"

तो बराच वेळ बोनेट पुसत राहिला. मला वाटलं, झालं, मौनव्रत सुरू. मग म्हणाला, "पहिली काही वर्षं काहीच नाही, ताई. त्या मागे बसून रडायच्या. घरापासून निघालं की सुरू व्हायच्या, मैदान आलं की डोळे पुसून उतरायच्या. येतानाही तेच. मला आरशात दिसायचं. दुसऱ्याचं रडणं असं चोरून बघणं बरं नाही. म्हणून मी आरसा वर फिरवून ठेवायचो. मागचं काही न दिसता गाडी चालवायची म्हणजे जरा जपून जावं लागतं, म्हणून लांबच्या रस्त्यानं न्यायचो. तिकडे गर्दी कमी."

 घरी ती कधी रडली नव्हती. मला वाटायचं, वहिनी दगडाची आहे, बरं आहे बाई तिचं. आमच्यासमोर नको म्हणून ती वर्षभराचं साठवून ह्या माणसाच्या गाडीत रिकामं करत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग एका वर्षी गाडी वळवताना त्या म्हणाल्या, आता आरसा सरळ केलात तरी चालेल." त्यानं फडका पिळला. "तेव्हापासून बोलतो. आधी पाऊसपाणी. मग तुमच्याबद्दलच जास्त."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्या परीक्षा. तुमचं लग्न. तुम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावर बादली ओतलीत ते." तो पहिल्यांदा हसला. हसताना बरा दिसतो. "मला तुमच्याविषयी सगळं माहीत आहे, ताई. तुम्ही मला घुम्या म्हणता तेही."

मेले मी! पायाखालची फरशी दुभंगली असती तर आनंदानं आत गेले असते.

"ती आज नाही म्हणणार आहे," मी म्हटलं. सांगायला नको होतं, पण माझं तोंड मला कधी विचारतं का?

"अंदाज आहे मला," तो म्हणाला आणि कोट अंगात घातला. बटणं एकेक करून लावली. "तरी त्यांना नेईन मी नीट. लांबच्या रस्त्यानं."

मी घरी आले ती जवळजवळ धावतच. वहिनी आरशासमोर निळ्या कपड्यांत तयार बसली होती. मी म्हटलं, "पास दे."

"कशाला?"

"आज मी जाते. दादाच्या नावाला मी उठते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला तो दिवस सहन होत नाही, ठिणगे. बँड वाजला की तू मशिनं लावून बसतेस."

"तुला कुठे होत होता सहन? तरी जात होतीस ना?" मी हात पुढे केला. "वहिनी, तो तुझा नवरा एक हिवाळा होता. माझा तो जन्मापासून भाऊ होता. मला अजून त्याचा आवाज आठवतो. मला कोणी कधी बोलावलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही की मला यायचंय. मला यायचंय. दे तो पास."

तिनं पास दिला. मग माझी कॉलर नीट केली, शाळेत पाठवताना करायची तशी.

खाली गाडी उभी होती. आम्ही दोघी मागे बसलो. घुम्यानं एकदा आमच्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. लांबच्या रस्त्यानं गेलो. कालव्याच्या कडेनं, जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून, कुठे झेंडे नाहीत, कुठे कर्णे नाहीत. मैदानाच्या फाटकाशी मी उतरले. वहिनीही सवयीनं उतरायला लागली.

"तू कुठे निघालीस?" मी म्हटलं. "एका नावाला एकच पास. तू बस गाडीत. समारंभ संपेपर्यंत ह्यांना इथेच थांबायचं असतं ना? मग बस. काय सांगायचंय ते सावकाश सांग."

ती एवढीशी झाली. मी दार लावलं आणि मागे न बघता चालू लागले, कारण बघितलं असतं तर परत आले असते.

पहिल्या रांगेतल्या खुर्च्या साध्या लोखंडी असतात हे मला माहीत नव्हतं. निम्म्याहून अधिक रिकाम्या होत्या. बँड वाजला. इथे लावायला मशिनं नव्हती. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. भाषणं झाली, विमानं डोक्यावरून गेली, पोरं ओरडली. मग सगळं शांत झालं आणि नावं सुरू झाली. एक नाव. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. दुसरं नाव. कोणीच उठलं नाही. वाचणारा थांबला, त्यानं रांगेकडे बघितलं आणि पुढे गेला. वहिनी म्हणत होती ते खरं होतं. ते थांबणं काळीज कापत जातं.

मग दादाचं नाव आलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. इतक्या मोठ्या आवाजात मी ते कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यापुढे, दरवर्षीच्या सवयीनं असेल, वाचणारा म्हणाला, "मागे त्यांच्या पत्नी."

मी उठले. 

"बहीण," मी म्हटलं. कोणी बोलत नाही तिथे, नुसतं उभं राहायचं असतं. पण माझ्या तोंडातून निघालं ते मैदानभर ऐकू गेलं. "बहीण आहे मी त्याची."

वाचणाऱ्यानं वर बघितलं. कागद खाली केला. "मागे त्यांची बहीण," तो म्हणाला, आणि मगच पुढचं नाव घेतलं.

मी खाली बसले आणि रडले. बाराव्या वर्षी खांद्यावरून खाली उतरवल्यावर रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं रडले, नाक लाल होईपर्यंत, लोकांची पर्वा न करता. शेजारच्या काठीवाल्या गृहस्थांनी रुमाल पुढे केला. त्याची इस्त्री इतकी वाईट होती की कुठल्या लाँड्रीत देता म्हणून मी त्यांना हुंदक्यातच विचारलं. ते म्हणाले, स्वतःच करतो. मी म्हटलं, नका करू.

समारंभ संपल्यावर गाड्या उभ्या होत्या तिकडे गेले. आमची गाडी टोकाला, भिंतीच्या सावलीत होती. काचा खाली होत्या आणि वहिनी पुढच्या सीटवर, घुम्याच्या शेजारी. तो काहीतरी सांगत होता, हातवारे करून, आणि वहिनी तोंडावर हात धरून हसत होती. तशी हसताना मी तिला पाहिली नव्हती. कदाचित त्या हिवाळ्यात दादानं पाहिली असेल. मी थोडा वेळ लांबच थांबले. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. वाटलं थोडं. पण दादाचं नाव नुकतंच माझ्या अंगावरून गेलं होतं आणि मी त्याला उठून उत्तर दिलं होतं. तो मला आता पूर्वीपेक्षा जास्त जवळ होता, तर मग भांडायचं कोणाशी?

मला बघताच दोघं चोरी पकडल्यासारखे गप्प झाले. वहिनी घाईनं खाली उतरली. "घेतलं नाव? थांबले नाहीत ना?"

"थांबतील कशाला? मी होते ना."

तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. रडलेली आहे हे तिला कळलं. मीही तिचे डोळे बघितले. तीही रडली होती, पण ते वेगळं होतं.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही म्हणायचं होतं ते म्हणवलंच नाही गं," ती म्हणाली. "उद्यापासून चहाला या म्हटलं."

"नेहमीसाठी?"

तिनं मान खाली घातली. साठीला टेकलेली बाई, आणि कान लाल!

मला खरं एकच विचारायचं होतं. कालपासून तेच होतं, कोटाच्या पाण्यात हात बुडवून बसले होते तेव्हाही तेच. बाकी सगळा राग म्हणजे त्याच्यावरचं पांघरूण होतं. "वहिनी," मी म्हटलं आणि आवाज फुटला, "तू त्याची बायको झालीस की मग मी तुला काय हाक मारायची?"

"अगं वेडे," ती म्हणाली, "वहिनीच. ती काय सरकारी नोकरी आहे, वय झालं की सोडायला?" आणि तिनं मला जवळ घेतलं, तिथे सगळ्या गाड्यांमध्ये. "तुला मोठी करायला मी राहिले, ठिणगे. दादासाठी नाही राहिले. तुझ्यासाठी राहिले. ते कसं सुटेल?"

ड्रायव्हर खाली उतरून भिंतीकडे तोंड करून उभा होता. आमचं रडणं बघायला नको म्हणून, दुसरं काय! गुलाबी कॉलर मानेवर जराशी वर आली होती.

मी डोळे पुसले. वहिनीला पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि स्वतः मागे जाऊन ऐसपैस बसले. तो येऊन स्टिअरिंगमागे बसला. गाडी सुरू करेना. कोणी काही सांगेल म्हणून वाट बघत राहिला.

"चला, भावोजी," मी म्हटलं. "लाँड्रीत ढीग पडलाय."

त्यानं मान हलवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि किल्ली काही त्याला बराच वेळ लावता येईना.